इसबाची त्वचा, घरचे लग्न आणि हलका मेकअप

या वेळच्या टपालात कोरड्या त्वचेविषयीची पत्रे सर्वाधिक आहेत, आणि लग्नसराई तोंडावर आल्याने त्यांतील बहुतेकींचा प्रश्न मेकअपचा आहे. पहिल्या पत्रातील अडचणी अनेकींच्या असल्याने त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे. इतर उत्तरे त्यामानाने थोडक्यात आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी २७ वर्षांची असून एका बँकेत काउंटरवर काम करते. लहानपणी मला कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत इसब होता. शाळेच्या शेवटच्या वर्षांत तो गेला, पण अलीकडे पापण्यांवर, ओठांच्या कडेला आणि मानेवर पुन्हा दिसू लागला आहे. मनीषनगरहून सीताबर्डीला रोज दुचाकीने जाते आणि उन्हामुळे तोंडाला स्कार्फ बांधते. फाउंडेशन लावले की दुपारपर्यंत नाकाच्या बाजूला पापुद्रे उठतात आणि पावडर लावली तर चेहरा राखाडी दिसतो. मे महिन्यात भावाचे लग्न आहे. पार्लरमधल्या ताई म्हणतात, दिवसभर टिकणारा मॅट मेकअप करू. आत्या म्हणते, बाजारचे काहीच लावू नकोस, बेसन, हळद आणि संत्र्याच्या सालीची पूड लाव. मी मेकअप करावा का, आणि करायचा तर काय निवडावे?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : मेकअप तुम्ही अवश्य करावा. इसब असलेल्या मुलीने चेहऱ्याला काही लावूच नये, असा सल्ला आपल्याकडे सहज दिला जातो, आणि तो ऐकून घरच्याच कार्यात फोटोपासून दूर राहणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्यावर ही वेळ येण्याचे काहीच कारण नव्हते. त्वचा शांत असताना मेकअप करावा, वस्तू मोजक्या असाव्यात, आणि लावण्याइतकेच लक्ष उतरवण्याकडे द्यावे, एवढे पथ्य सांभाळले तर हलका मेकअप बहुतेकींना सोसतो.

त्वचा शांत आहे की नाही, ते आधी पाहावे. किंचित कोरडेपणा किंवा जुना काळसर डाग असेल तर हरकत नाही. मात्र त्वचा लाल किंवा जांभळट होऊन सुजली असेल, भेगा पडल्या असतील, पाणी पाझरत असेल किंवा मधाच्या रंगाची खपली धरली असेल, तर त्या जागी मेकअपचा विचारही करू नये, कारण पिवळसर खपली हे बहुधा जंतुसंसर्गाचे लक्षण असते. तुमच्या पापण्यांवर आणि मानेवर सध्या इसब दिसत आहे, म्हणून खरेदीच्या आधी उपचार हवा आणि त्यासाठी लग्नापर्यंत पुरेसा वेळ हाती आहे. खाजगी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणे शक्य नसेल तर नागपुरातील मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये किंवा मिहानमधील एम्स यांपैकी जे सोयीचे असेल तेथील त्वचारोग विभागात दाखवावे. पापणीची त्वचा अवघी अर्धा मिलिमीटर जाड असते, त्यामुळे घरात उरलेले किंवा शेजारणीने सुचवलेले मलम तेथे लावू नये. स्टेरॉइडचे तीव्र मलम पापण्यांना दीर्घकाळ लावल्यास काचबिंदूचा आणि मोतीबिंदूचा धोका असतो. पापण्यांसाठी सौम्य स्टेरॉइड मोजके दिवस द्यावे की टॅक्रोलिमससारखे स्टेरॉइड नसलेले मलम द्यावे, हे डॉक्टर तपासून ठरवतील.

आता तुमच्या मूळ तक्रारीकडे वळू. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात फिलॅग्रिन नावाचे प्रथिन असते. त्याच्या विघटनातून तयार होणारे घटक पाणी धरून ठेवतात आणि त्वचेची नैसर्गिक आम्लता टिकवण्यास मदत करतात. या प्रथिनाच्या जनुकातील दोष आणि इसब यांचा संबंध २००६ मध्ये स्पष्ट झाला. शिवाय पेशींच्या मधोमध असणारी सिरॅमाइड ही स्निग्ध द्रव्ये इसबाच्या त्वचेत कमी असतात. परिणामी आतले पाणी उडून जाते, आणि निरोगी त्वचा ज्यांना बाहेरच थोपवते ते साबण, सुगंध आणि रंग आत शिरकाव करतात. मॅट फाउंडेशनमध्ये आणि पावडरमध्ये सिलिका, टाल्क, केओलिन यांसारखी तेल शोषणारी द्रव्ये असतात, आणि तेलकट चेहऱ्याला ती उपयोगी पडतात. तुमच्या चेहऱ्यावर शोषण्याजोगे तेल मुळातच कमी असते, म्हणून ती पापुद्र्यांच्या कडांना चिकटून बसतात. आरशात दिसणारा राखाडी रंग हा त्या कडांवर साचलेल्या पावडरीचा असतो. पार्लरमधल्या ताईंचा हेतू चांगला असला तरी मॅट मेकअप तुमच्यासाठी नाही, हे त्यांना आताच स्पष्ट सांगून ठेवावे.

नागपूरच्या हवेचाही यात मोठा वाटा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हवा कोरडी ठणठणीत असते, आणि तुम्ही उन्हातून थेट बँकेच्या वातानुकूलित दालनात शिरता, जेथील हवाही कोरडीच असते. घरचा कूलर निदान हवेत ओलावा सोडतो, एसी तो काढून घेतो. त्यात स्कार्फची भर पडते. तुम्ही स्कार्फ बांधता तेव्हा त्याची घट्ट कड नाकाच्या घोणेवर, गालांच्या उंचवट्यांवर आणि हनुवटीखाली बसते, खड्ड्यांतून जाताना ती तेथेच घासत राहते आणि आत घाम साचतो. त्या कडेच्या रेषेत पापुद्रे उठतात का, हे एकदा संध्याकाळी उजेडात पाहावे. तसे असेल तर फाउंडेशन बदलून फार काही साधणार नाही. स्कार्फ मऊ, जुन्या धुवट सुती कापडाचा घ्यावा, सैल बांधावा, रोज धुवावा, डिटर्जंट पूर्ण निघेपर्यंत खळबळावा आणि त्याला सुगंधी फॅब्रिक कंडिशनर लावू नये. माझी सूचना अशी आहे की घरून निघताना केवळ मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावावे, आणि उरलेला मेकअप बँकेत पोहोचल्यावर, स्कार्फ सोडून, घाम टिपून मगच करावा. मोजक्याच वस्तू असतील तर त्याला पाच-सात मिनिटे पुरतात.

मॉइश्चरायझर हा या सगळ्याचा पाया आहे आणि माझा सर्वाधिक आग्रह त्याच्याविषयीच आहे. नेहमीच्या साबणाचा सामू (पीएच) ९ ते १० असतो, तर त्वचेचा ५ च्या जवळपास असतो. म्हणून चेहऱ्याला साबण लावणे थांबवावे आणि सुगंधविरहित, साबणरहित सौम्य क्लेन्झर घ्यावे. तुमच्याकडे बोअरवेलचे जड पाणी येत असेल तर हे अधिकच महत्त्वाचे ठरते, कारण त्या पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून जो थर तयार करतात तो त्वचेवर राहून जातो. कोमट पाण्याने चेहरा धुऊन टॉवेलने नुसता टिपावा आणि दोन-तीन मिनिटांच्या आत, त्वचा ओलसर असतानाच, क्रीम लावावे. ग्लिसरीन, सिरॅमाइड आणि पेट्रोलियम जेली यांपैकी घटक असलेले साधे दाट क्रीम पुरेसे आहे. युरिया किंवा लॅक्टिक आम्ल असलेली क्रीम टाचांना चांगली, पण नाजूक झालेल्या चेहऱ्यावर ती चुरचुरतात. प्रमाणाच्या बाबतीत आपण फार काटकसर करतो. ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेराइतकी रेघ काढली तर ते साधारण अर्धा ग्रॅम होते, आणि चेहरा व मान यांना मिळून अशा अडीच रेघा लागतात. क्रीम लावल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबावे. डॉक्टरांनी मलम दिले असेल तर ते आणि क्रीम यांच्यामध्येही थोडे अंतर ठेवावे.

त्यानंतरची वस्तू म्हणजे रंग असलेले सनस्क्रीन, आणि तुम्ही एकच नवी वस्तू घेणार असाल तर ती हीच घ्यावी, असे मी म्हणेन. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिज द्रव्ये उन्हाला त्वचेवरच अडवतात, आणि इसबाच्या त्वचेला ती रासायनिक सनस्क्रीनपेक्षा सहसा कमी झोंबतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर ती पांढरट दिसतात, ही त्यांची जुनी अडचण आहे. रंगीत सनस्क्रीनमध्ये आयर्न ऑक्साइड मिसळलेले असते, त्यामुळे पांढरटपणा जातो, चेहऱ्याचा रंग एकसारखा दिसतो, आणि शिवाय दृश्य प्रकाशापासूनही काही प्रमाणात संरक्षण मिळते. इसब बरा झाल्यावर सावळ्या त्वचेवर जे काळे डाग मागे राहतात ते उन्हात आणि प्रकाशात अधिक गडद होतात, म्हणून तुमच्यासाठी हा गुण फार मोलाचा आहे. एसपीएफ ३० किंवा अधिक असावा. कित्येकींना या थरावर फाउंडेशनची गरजच उरत नाही.

लग्नाच्या दिवशी फाउंडेशन हवेच असेल तर ओलावा देणारे, पातळ, किंचित चमक असलेले घ्यावे, आणि ज्यावर मॅट, ऑइल कंट्रोल किंवा लाँग वेअर असे लिहिले आहे ते टाळावे. रंग हातावर पाहू नये, कारण हात आणि चेहरा यांचा रंग वेगळा असतो. जबड्याच्या कडेवर, दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात पाहावा. डाग झाकण्यासाठी क्रीमच्या स्वरूपातील कन्सीलर चालेल. लालसरपणावर हिरवा कन्सीलर लावावा असे सगळीकडे सांगितले जाते, पण तो सल्ला गोऱ्या त्वचेसाठी आहे. आपल्या त्वचेवर इसबाचा डाग तपकिरी किंवा जांभळट दिसतो आणि त्यावर हिरवा रंग मातकट होतो. पीच किंवा फिकट नारिंगी छटा अधिक काम देते.

लावण्याची पद्धत वस्तूइतकीच महत्त्वाची आहे. स्वच्छ धुतलेल्या बोटांवर वाटाण्याच्या निम्म्याइतके फाउंडेशन घेऊन ते दोन बोटांमध्ये क्षणभर कोमट करावे आणि गालावर हलके दाबत लावावे, घासू नये. घासले की पापुद्र्याची सुटलेली कड वर उचलली जाते आणि ती झाकण्यासाठी आपण आणखी थर चढवतो. एखादा पापुद्रा उभा राहिलाच तर नखाने काढू नये. त्यावर क्रीमचा लहानसा ठिपका दाबून मिनिटभर थांबावे, म्हणजे तो बसतो. नाकाच्या बाजूंना आणि ओठांच्या कडेला शक्य तितके कमी लावावे. गालांना क्रीम ब्लश असावा. पावडर लागलीच तर घाम येणाऱ्या कपाळावर किंचित, बाकी कोठेही नको.

ओठांच्या कडेच्या इसबाकडे वेगळे पाहावे लागते. ओठ चाटण्याची सवय, पुदिना किंवा दालचिनीचा स्वाद असलेली टूथपेस्ट आणि थंडावा देणारे मेन्थॉलचे लिप बाम ही त्याची नेहमीची कारणे आहेत. काही दिवस बिनस्वादाची टूथपेस्ट वापरून पाहावी. लिप बाम म्हणून साधी पेट्रोलियम जेली पुरेशी आहे. सुकून घट्ट बसणारी द्रव लिपस्टिक टाळून मलईदार कांडी घ्यावी.

पापण्यांविषयी एक गोष्ट अनेकींना नवी वाटेल. पापण्यांवर उठणाऱ्या पुरळाचे कारण कित्येकदा नखांवर असते. नेलपॉलिशमधील रेझीनची ॲलर्जी असली तरी बोटांच्या जाड त्वचेला काही होत नाही, मात्र दिवसभरात नकळत डोळ्यांना हात लागतो आणि पापणी उठते. पार्लरमध्ये जेल नखे करून घेत असाल तर त्यांतील ॲक्रिलेट या रसायनामुळेही असे होऊ शकते. म्हणून उपचार सुरू असेपर्यंत नखे मोकळी ठेवावीत आणि फरक पडतो का ते पाहावे. त्यामुळे पापण्या शांत झाल्या तर लग्नातही मेंदीवरच समाधान मानावे. मेंदीही साधी, हिरव्या पाल्याची असावी. जी तासाभरात काळी रंगते तिच्यात पीपीडी हे केसांच्या कलपात असणारे रसायन मिसळलेले असण्याची शक्यता असते, आणि त्याची ॲलर्जी फार तीव्र असते. डोळ्यांना मस्कारा लावायचा तर वॉटरप्रूफ नसलेला घ्यावा, कारण वॉटरप्रूफ मस्कारा काढताना पापणी चोळावी लागते. कृत्रिम पापण्या आणि त्यांचा गोंद, तसेच चमकी यांना यंदा नकार द्यावा.

खरेदी करताना डबीच्या दर्शनी बाजूवरील शब्दांपेक्षा मागची घटकांची यादी वाचावी. आपल्या देशातील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात, आणि त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने येतात. यादीत परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स हा शब्द दिसला की डबी परत ठेवावी. त्या एका शब्दाखाली अनेक सुगंधी द्रव्ये दडलेली असू शकतात. अनसेंटेड म्हणजे वास न येणारे आणि फ्रॅग्रन्स फ्री म्हणजे सुगंधी द्रव्य नसलेले, यांतही फरक आहे, कारण पहिल्यात मूळ वास झाकण्यासाठी सुगंध घातलेला असू शकतो. टिकाऊपणासाठी घातल्या जाणाऱ्या द्रव्यांपैकी मिथाइलआयसोथायझोलिनोन टाळावे. २०१३ मध्ये अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञ संस्थेने त्याला वर्षाचे ॲलर्जिकारक द्रव्य ठरवले, आणि युरोपात २०१७ पासून धुऊन न टाकायच्या प्रसाधनांत त्याला बंदी आहे. डीएमडीएम हायडँटॉइन, इमिडाझोलिडिनिल युरिया आणि डायझोलिडिनिल युरिया ही फॉर्मल्डिहाइड सोडणारी द्रव्येही टाळावीत. लॅनोलिन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल सर्वांनाच त्रास देतात असे नाही, मात्र आधीच इसब असलेल्यांना त्यांची ॲलर्जी होण्याचे प्रमाण अधिक असते.

याउलट पॅराबेन या टिकाऊपणासाठीच घातल्या जाणाऱ्या द्रव्यांविषयीची भीती तुमच्या बाबतीत अनाठायी आहे. त्याच अमेरिकी संस्थेने २०१९ मध्ये पॅराबेनला ‘ॲलर्जी न करणारे’ द्रव्य म्हणून मुद्दाम पुढे आणले, कारण त्यांना घाबरून उत्पादकांनी जे पर्याय वापरले ते त्वचेला अधिक त्रासदायक ठरले. हायपोॲलर्जेनिक किंवा डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड या शब्दांवरही विसंबू नये. अमेरिकेत १९७५ मध्ये हायपोॲलर्जेनिक या शब्दाला नियमाने बांधण्याचा प्रयत्न झाला होता, पण तो न्यायालयात टिकला नाही. मी येथे कोणत्याही कंपनीचे नाव सुचवत नाही, कारण नाव तेच ठेवून आतील घटक बदलले जातात, आणि यादी वाचण्याची सवय तुम्हाला कोणत्याही दुकानात उपयोगी पडेल.

आत्यांच्या सल्ल्यामागे माया आहे आणि बाजारच्या वस्तूंविषयीची त्यांची शंकाही अगदीच निराधार नाही, पण हे उटणे तुमच्या चेहऱ्यासाठी योग्य नाही. बेसन कोरड्या त्वचेतले उरलेसुरले तेल ओढून घेते, आणि भरड पूड चोळताना नाजूक त्वचा खरचटते. संत्र्याच्या सालीत लिमोनिन नावाचे सुगंधी द्रव्य असते. साल वाळवून ठेवली की हवेशी संयोग होऊन त्यापासून जी द्रव्ये बनतात ती ॲलर्जी निर्माण करणारी म्हणून ओळखली जातात. आपल्याकडे संत्र्याच्या दिवसांत घरोघरी साली वाळत घातलेल्या असतात म्हणून हे मुद्दाम सांगते आहे. हळदीचीही क्वचित कोणाला ॲलर्जी असते. घरच्या हळदीच्या कार्यक्रमात तुम्हालाही हळद लागणारच, तेव्हा आधी चेहऱ्याला आणि मानेला पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा, चेहऱ्याला बोट टेकवण्यापुरतीच हळद लावून घ्यावी, बाकी हातापायांना लावू द्यावी, आणि नंतर कोमट पाण्याने न चोळता धुवावी.

प्रत्येक नव्या वस्तूची आधी घरी चाचणी घ्यावी. कोपराच्या लवणीत रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी ती सकाळ-संध्याकाळ सात दिवस लावावी. खाज, लाली किंवा पुरळ आले नाही तर मगच चेहऱ्यावर, तेही आधी जबड्याच्या कडेला. एका वेळी एकच वस्तू तपासावी, नाहीतर दोष कोणाचा ते कळणार नाही. तीन-चार वस्तूंसाठी महिना जातो, म्हणून एप्रिलच्या आरंभीच खरेदी करावी. वारंवार त्रास होत असेल तर डॉक्टर पाठीवर पॅच टेस्ट करतात. पट्ट्या ४८ तासांनी काढून, पुन्हा एक-दोन दिवसांनी तपासल्या जातात. ही चाचणी कडक उन्हाळ्यात घामामुळे नीट होत नाही, तेव्हा ती हिवाळ्यात करून घ्यावी.

पार्लरमध्ये स्वतःच्या तपासलेल्या वस्तू न्याव्यात, आणि सर्वांसाठी वापरलेला स्पंज किंवा ब्रश चेहऱ्याला लावू देऊ नये, कारण इसबाच्या त्वचेवर स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू सहज वस्ती करतात. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात ब्लीच, फेशियल आणि चेहऱ्याचे वॅक्सिंग करू नये. रात्री घरी आल्यावर कितीही थकवा असला तरी मेकअप उतरवूनच झोपावे. ओले वाइप्स वापरू नयेत. पेट्रोलियम जेली किंवा साधे क्रीम बोटांनी पसरून दोन मिनिटे ठेवावे, मऊ ओल्या सुती कापडाने टिपून घ्यावे, मग सौम्य क्लेन्झरने धुवावे आणि भरपूर मॉइश्चरायझर लावावे. मायसेलर वॉटर वापरलेच तर नंतर चेहरा पाण्याने धुवावा. ते पुसून तसेच सोडले तर त्यातील साबणासारखी द्रव्ये त्वचेवर राहतात.

प्रश्न : मी ५२ वर्षांची गृहिणी आहे. त्वचा कोरडी असून हिवाळ्यात इसब उठतो. कपाळावर टिकली लावण्याच्या जागी आधी खाज येत होती, आता तेथे टिकलीएवढा पांढुरका डाग दिसतो. कपाळ मोकळे ठेवणे मनाला पटत नाही. काय करावे?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : चिकटवण्याच्या टिकल्या आजपासून बंद कराव्यात. त्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्युटिलफिनॉल वर्गातील रेझीन असू शकते, आणि ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मारक ठरते. टिकली आणखी मोठी लावून डाग झाकण्याचा मोह होतो, पण त्याने डाग वाढतो. त्वचारोगतज्ज्ञांना लवकर दाखवावे, कारण हा गोंदाचा परिणाम आहे की कोडाची सुरुवात, हे तपासूनच सांगता येते. गोंदामुळे पडलेल्या डागात वेळीच उपचार केल्यास अनेकींचा रंग परत येतो.

कपाळ मोकळे ठेवण्याचे मात्र कारण नाही. डाग आणि खाज यांवर उपचार सुरू असताना कुंकू थोडे बाजूला, निरोगी त्वचेवर लावावे. पूर्वी बायका आधी मेण लावून त्यावर कुंकू टेकवत असत. मेणाच्या जागी पेट्रोलियम जेलीचा ठिपका द्यावा, म्हणजे कुंकवाचा त्वचेशी थेट संबंध कमी येतो. कुंकू हळदीचे आहे याची खात्री करून घ्यावी. हळदीला चुन्यासारख्या क्षाराने लाल रंग येतो, तर बाजारातील पुष्कळ कुंकवात कृत्रिम रंग असतो आणि त्याने कपाळ काळवंडू शकते. हळदीचे कुंकूही क्षारयुक्त असते, म्हणून रात्री ते धुऊन क्रीम लावावे. तुम्हाला सोसणारी लाल लिपस्टिक असेल तर काडीने तिची लहान टिकली रेखणे हाही एक मार्ग आहे.

प्रश्न : माझा चेहरा कोरडा आणि डागाळलेला आहे. औषधाच्या दुकानातून आणलेले गोरेपणाचे क्रीम मी मेकअपच्या खाली वर्षभर लावते. सुरुवातीला चेहरा उजळला, आता क्रीम एक दिवस चुकले तरी चेहरा लाल होऊन जळजळतो. दुसरे कोणते क्रीम घ्यावे?
— एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : दुसरे क्रीम घेण्याआधी हे क्रीम घेऊन डॉक्टरांकडे जावे. तुम्ही वर्णन केलेली लक्षणे स्टेरॉइडच्या सवयीची आहेत. अशा क्रीममध्ये बहुधा मोमेटासोनसारखे स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असतात. ते औषध आहे, प्रसाधन नाही, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकले जाणे कायद्याला धरून नाही. ते मनाने एकदम थांबवल्यास चेहरा आणखी भडकतो, म्हणून हळूहळू कसे कमी करायचे ते डॉक्टरच ठरवतील. तोपर्यंत सौम्य क्लेन्झर, सुगंधविरहित मॉइश्चरायझर आणि खनिज सनस्क्रीन यांखेरीज चेहऱ्याला काहीही लावू नये. पूर्ववत होण्यास काही महिने लागतात आणि मधल्या काळात चेहरा अधिक वाईट दिसतो. त्या दिवसांत धीर सोडून पुन्हा त्याच ट्यूबकडे वळू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला इसब आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिचे नृत्य आहे आणि सर्व मुलींचा मेकअप एकाच पेटीतून होणार आहे. तिला तो करू द्यावा का?
— एक पालक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : त्या पेटीतून नको. शिक्षिकांना आधी भेटून तिला इसब आहे हे सांगावे आणि तिचा मेकअप तुम्ही घरून करून आणाल, अशी परवानगी घ्यावी. नऊ वर्षांच्या मुलीला मॉइश्चरायझरवर थोडे क्रीम ब्लश, ओठांना त्याच रंगाची छटा आणि भुवयांवर पेन्सिल एवढे रंगमंचाच्या दिव्यांत पुरते. या वस्तू आठवडाभर आधी तिच्या कोपराच्या लवणीत तपासून घ्याव्यात. चमकी आणि गडद काजळ टाळावे, कारण डोळे चोळले की तीच जागा आधी उठते. नृत्याचा पोशाख भाड्याचा आणि जरीचा असेल तर आत मऊ सुती बनियन घालावे आणि गळ्याला टोचणारी जरीची कड आतून सुती पट्टीने शिवून घ्यावी. नृत्य झाल्याबरोबर, बक्षीस समारंभाची वाट न पाहता, तिचा चेहरा धुऊन क्रीम लावावे. पुढील दोन-तीन दिवसांत ताप येऊन चेहऱ्यावर पाण्याच्या बारीक फोडांचे पुंजके उठले तर मात्र घरी न थांबता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. इसबाच्या त्वचेवर नागिणीच्या जातीच्या विषाणूंचा संसर्ग वेगाने पसरतो आणि त्याला तातडीचे औषध लागते.